शेजारणीकडे बघायचं नाही

६ जानेवारी

पाच महिन्यांनी आज टायपिंग क्लासच्या खोलीचं कुलूप उघडलं. क्लास कधीच बंद पडला. टेबलं तेवढी राहिली आहेत आणि त्यांच्यावर टाइपरायटरच्या पायांचे खळगे. त्या खळग्यांत आम्ही आमचे माउथपीस ठेवतो, म्हणजे घरंगळत नाहीत. आमच्या बँडमधल्या चिमणीने झाडू आणला होता, शिडीने थर्मास. कॅप्टन सगळ्यांच्या आधी येऊन तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. पाठ ताठ, तोंड खिडकीकडे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून चहा ओघळला आणि तिला कळलंच नाही. चेहऱ्याची नस. येईल परत, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. भुवई आली, डोळा मिटायला लागला. ओठाचा डावा कोपरा मात्र अजून झोपलेला आहे. दुसऱ्या कुणा बाईचं एवढ्यावर भागलं असतं. कॅप्टन पहिलं ट्रंपेट वाजवते.

बँडमध्ये ती कॅप्टन, घरी माझी वहिनी. शाळेच्या बँडमध्ये आम्ही शेजारी बसायचो, मग तिने माझ्या दादाशी लग्न केलं. दादा म्हणायचा, "एक ट्रंपेट घरात आलं, एक घरातून गेलं, माझ्या कानांना काही फरक पडला नाही." दादा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शाळा सुटली पण आमचा बँड सुटला नाही. आता चौघीच उरलोय. कॅप्टन आणि मी ट्रंपेटवर, ताडमाड शिडी ट्रॉम्बोनवर, आणि सगळ्यांत बुटकी चिमणी सगळ्यांत मोठ्या ट्यूबाच्या मागे. समोरून बघितलं तर ट्यूबाला पाय फुटल्यासारखे दिसतात.

आज कंपनीची बाई आली होती. हॉटेलं, दवाखाने, लिफ्ट, ऑफिसं यांच्यात जे मंद संगीत चालू असतं ते ही कंपनी पुरवते. त्यांना ब्रासचा एक अख्खा अल्बम हवाय. हळुवार, कुणाला त्रास न देणारा. चाली आमच्याच, म्हणजे कॅप्टनने इतक्या वर्षांत बसवलेल्या. ड्रम-गिटार ते मशीनवर घालणार.

"ऐकणाऱ्याला कळताच कामा नये की गाणं चालू आहे," बाई म्हणाली.

"म्हणजे आम्ही वाजवलं नाही तरी चालेल का?" शिडीने विचारलं.

बाई हसली नाही. ती गेल्यावर कॅप्टन म्हणाली, "मी हो म्हणून टाकलंय."

सगळ्यांच्या मनात तिचा ओठ.

"कशी बघताय? जन्मभर फुंकलं, पण ट्रंपेटचं तोंड पुढे असतं गं. पुढच्याला काय ऐकू जातं ते आपल्याला कुठे कळतं? मला एकदा समोर खुर्ची टाकून बसायचंय आणि मला ऐकायचंय. एवढंच. मग मी मोकळी."

पूर्वी लोकांनी कॅसेटा केल्या होत्या आमच्या. त्यांत टाळ्या आणि कपबश्याच जास्त.

९ जानेवारी

पहिली तालीम. तिसऱ्याच ओळीला कॅप्टनचा वरचा सूर गेला. फाटला असं नाही, गेलाच, आणि कोपऱ्यातून हवा निघाली, सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी. मी विचार न करता तिची ओळ उचलली.

शाळेत बँड शिकवणाऱ्या सिस्टरनी आम्हाला सा-रे-ग-मच्याही आधी हे शिकवलं होतं. शेजारणीचा सूर गेला तर तिच्याकडे बघायचं नाही. थांबायचं नाही. डोळे आपल्या कागदावर. पहिल्या ट्रंपेटवालीचा गेला तर दुसरीने तो उचलायचा, हॉलमध्ये कुणाला कळता कामा नये. आणि नंतर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "तिला लाज वाटते आहे, ती आपण तिच्या हातात आणून द्यायची नसते," सिस्टर म्हणायच्या. कुणी चोरून बघितलंच तर छडी नाही, ओरडणं नाही. आपला पांढरा रुमाल त्या मुलीच्या डोळ्यांवर बांधायच्या आणि पुढचं गाणं तसंच वाजवायला लावायच्या. मला चौदाव्या वर्षी एकदा बांधला होता. त्या रुमालाला साबणाचा आणि उन्हाचा वास होता. शिक्षा संपू नये असं वाटलं होतं.

तर आज कुणीच बघितलं नाही. चिमणीसुद्धा नाही, जिला ट्यूबाच्या मागून काही दिसतच नाही.

मी ठरवलंय. अल्बम होईपर्यंत वरची ओळ मी वाजवणार, आणि माझ्या आवाजात नाही, तिच्या. इतकी वर्षं तिच्या डाव्या हाताला बसल्यावर ती कुठे श्वास घेते, कुठला सूर जरा रेंगाळवते, सगळं मला पाठ आहे. तिला कळू द्यायचं नाही. अल्बम लागला की ती खुर्ची टाकून बसेल आणि तिला तीच ऐकू येईल.

१६ जानेवारी

जमतंय. चांगलंच जमतंय. आज वरच्या सुरावर पोचले आणि तो असा टांगून राहिला की शिडीने ट्रॉम्बोनची सरकती दांडी क्षणभर पुढेच धरून ठेवली. दुसऱ्या ट्रंपेटला वरचे सूर कधी मिळत नाहीत. आपण पहिलीच्या पायाखाली चौरंग धरायचा. मला आज बरं वाटलं.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. ही वही कोण वाचणार आहे!

कॅप्टन मात्र आज चिडचिडी होती. मध्येच थांबून म्हणाली, "जरा हळू. कान दे ना इकडे."

मी एक फेरी हळू वाजवलं. मग धीर होईना. मी हळू झाले आणि तिची ती हवा ऐकू आली, तर? पुढच्या फेरीला पुन्हा भरून वाजवलं. तिने कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, रबराने खोडलं, पुन्हा लिहिलं. काय ते मी बघितलं नाही.

जाताना जिन्यात म्हणाली, "तू पूर्वी ऐकायचीस बरं का."

काय म्हणायचं होतं कोण जाणे. आजारपणाने माणूस असाच तोडून बोलायला लागतो.

२३ जानेवारी

हे मला न्यायला आले होते. तालीम चालू होती म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. वाटेत म्हणाले, "आज काहीतरी निराळं होतं."

"काय?"

"वरचं नेहमीचंच. पण त्याच्या खालून काहीतरी चाललं होतं, कुणीतरी पायांत बूट न घालता चालावं तसं. ते चांगलं होतं. चिमणीने नवीन काही बसवलंय का?"

मी म्हटलं, चिमणीचा ट्यूबा गेली कित्येक वर्षं दोनच पावलं टाकतो, ढुम् आणि ढुम्.

"मग मला भास झाला असेल. तुझ्या सवतीपुढे माझं काय चालणार!" माझ्या ट्रंपेटला हे सवत म्हणतात. तो विनोद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे आणि तरी ते दरवेळी माझ्या तोंडाकडे बघतात, हसते का ते.

जिन्यात आवाज घुमतो. तेच असणार.

३१ जानेवारी

वहिनीकडे गेले होते. तिच्या खिडकीतून समोरच्या छापखान्याचं छप्पर दिसतं, त्यावर कबुतरं. दादाची आरामखुर्ची अजून तिथेच आहे, तिच्यात आता इस्त्रीचे कपडे बसतात.

फिजिओने तिला बजावलंय म्हणे: ट्रंपेट रोज थोडंच, ओठ दुखायला लागायच्या आत थांबायचं, जोर तर मुळीच लावायचा नाही. नस नुकती उठून बसतेय, तिला पळवू नका.

"मग तू पळवतेसच की," मी म्हटलं. तिचा ओठ सुजला होता. माउथपीसचा गोल वण खालच्या ओठावर लाल होऊन बसला होता.

"काय करू? ऐकू यायला तर हवं."

बिचारी आपला वरचा सूर गाठायला धडपडतेय, आणि तो तर मीच वाजवतेय! मी तिचा हात धरला.

"वहिनी, तू एवढा ताण घेऊ नकोस. मी आहे ना."

"ते माहितेय गं मला. वर तू आहेसच. म्हणून तर मी निर्धास्त आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आवडतंय का तुला?"

"काय?"

"हेच, जे चाललंय ते."

मी म्हटलं, खूप. अल्बम छान होणार. ती हसली. अर्धाच चेहरा हसतो तिचा, पण तो अर्धा जुना आहे, शाळेतला. मग तिने मला थाळीत काढून ठेवलेले सोललेले वाटाणे पुढे केले आणि आम्ही दोघी कच्चेच खात बसलो, दादाला आवडायचे तसे. येताना मी हलकी झाले होते. तिला काहीच कळलेलं नाही. माझ्यावर पूर्ण भरवसा आहे तिचा.

८ फेब्रुवारी

स्टुडिओ बघून आलो. एका गोदामाच्या मागे आहे. भिंतींना करड्या रंगाचा फोम लावलेला, अंड्यांच्या ट्रेसारखा. आत बोललं की शब्द तोंडातून निघतो आणि तिथेच पडतो. रेकॉर्डिस्ट चांगला दाढीवाला बाप्या आहे, पण शिडीला "आंटी" म्हणाला.

"पुन्हा आंटी म्हणालास तर लक्षात ठेव," शिडी दांडी लांब करत म्हणाली, "ही तुझ्या खुर्चीपर्यंत पोचते."

तेव्हापासून तो सगळ्यांना मॅडम म्हणतोय. चिमणीच्या ट्यूबालाही म्हणाला.

पण माझी झोप उडाली आहे. मला वाटलं होतं पूर्वी रेडिओवर असायचा तसा मध्ये एक माइक असेल आणि आम्ही भोवती. तसं नाही. प्रत्येकीच्या पुढे तिचा स्वतःचा माइक. प्रत्येकीचा आवाज वेगळा टिपला जाणार, वेगळा ऐकता येणार. आणि ही व्यवस्था कॅप्टनने मुद्दाम मागून घेतली. "मला आमचं सगळ्यांचं सुटं सुटं ऐकायचंय," असं तिने त्याला सांगितलं, माझ्यासमोर.

म्हणजे तिच्या माइकमध्ये काय असणार? हवा. नुसती हवा. आणि ती ते खुर्ची टाकून ऐकणार.

१० फेब्रुवारी

पहिला दिवस झाला. दमले आहे, पण जे केलं ते लिहून ठेवते.

माझी खुर्ची मी जराशी तिरकी केली. रेकॉर्डिस्ट वायरी लावत होता, त्याचं लक्ष नव्हतं. खुर्ची तिरकी केली की माझ्या ट्रंपेटचं तोंड माझ्या माइककडे कमी आणि कॅप्टनच्या माइककडे जास्त येतं. आणि मग मी दम भरून वाजवलं. तिचा माइक रिकामा राहणार नाही याची सोय केली. तिच्या माइकमध्ये तिची ओळ सापडेल, तिच्या ढंगात, तिच्या श्वासांसकट. ज्याने कुणी सुटं ऐकलं त्याला वाटेल, तीच वाजवतेय.

हसू येतं आहे आणि रडूही. या वयात अशी लबाडी.

कॅप्टन दिवसभर डोळे मिटून वाजवत होती. माझ्या कानात हेडफोनमधून मीच एवढी भरले होते की बाकी काही ऐकू आलं नाही. मध्ये रेकॉर्डिस्टने काचेमागून मला खूण केली, थोडं कमी, थोडं कमी. मी मान हलवली आणि नाही केलं.

१२ फेब्रुवारी

उरलेल्या चाली झाल्या. शेवटची संपल्यावर कॅप्टनने ट्रंपेट मांडीवर आडवं ठेवलं आणि ओठावर रुमाल दाबून धरला. रुमालाला किंचित लाल लागलं. चिमणीने पाणी दिलं. ते कोपऱ्यातून गळलं, आणि आम्ही तिघींनी आपापल्या कागदांकडे बघितलं.

"झालं एकदाचं," कॅप्टन म्हणाली. आवाजात एवढा आनंद होता की मला वाटलं, लबाडी तर लबाडी.

१७ फेब्रुवारी

आज ऐकायला बोलावलं होतं.

खुर्च्या समोर टाकल्या होत्या, खरोखरच. कॅप्टन मध्ये, आम्ही बाजूंना. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. आधी सगळं एकत्र लावलं. ऐकायला गुळगुळीत, गोड, कंपनीच्या बाईला हवं तसं. वरचं ट्रंपेट सगळ्यांवरून साय पसरावी तसं पसरलेलं. माझ्या मनात आलं, किती छान वाजवलंय. आणि लगेच कॅप्टनकडे बघावंसं वाटलं, तिला ती स्वतःच वाटतेय का ते बघायला.

तिच्या कपाळावर आठी होती.

"माझं कुठे आहे?" तिने विचारलं.

"आहे ना मॅडम," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "थोडं मागे ठेवलंय. हवा फार येत होती."

"माझा माइक सुटा लावा."

मी मनाशी म्हटलं, माझं ट्रंपेट आहे त्यात. भरपूर आहे.

त्याने लावला. आणि आधी तसंच झालं, मीच ऐकू आले, तिरकी खुर्ची करून ओतलेली. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. हवेने भरलेला, खरखरीत, खालच्या पट्टीतला सूर. चुकत नव्हता. कुठे गळत नव्हता. मी वर एक सूर लांब धरला होता, त्याच्या खालून तो तीन पायऱ्या चढत यायचा, उंबऱ्यापर्यंत, आणि पुन्हा उतरायचा. वरच्या ओळीला तो प्रश्न विचारत होता, आणि उत्तराला जागा ठेवून थांबत होता. आणि त्या प्रत्येक जागेत मी मोठ्याने वाजवत होते.

रेकॉर्डिस्टने कागद चाळले. "हे काय वाजवलंय मॅडम तुम्ही? हे तर लिहिलेलं नाही यात."

"माझ्याकडच्यात लिहिलंय," कॅप्टन म्हणाली. "वरचं आता माझ्या ओठाला झेपत नाही. पहिल्याच तालमीत हिने वरचं घेतलं, म्हटलं चला, बरं झालं, न बोलता झालं. मग मी माझ्यासाठी खालून एक नवीन ओळ बसवली. सगळ्या चालींना."

"मला ऐकू यायचं मधूनमधून," शिडी म्हणाली. "मला वाटलं तुमचं दोघींचं ठरलंय."

"मलाही तसंच वाटलं," कॅप्टन म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. चौदाव्या वर्षापासून पहिल्यांदा, तिची हवा वाजत असताना, मान वळवून. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तो डोळा असाही गळतो आजारपणापासून, त्यामुळे मला अजूनही कळलेलं नाही.

"तू ऐकत नव्हतीस?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारत होती.

मी सांगितलं सगळं. खुर्चीचंही.

मग मी रेकॉर्डिस्टला म्हटलं, माझं काढून टाका त्यातून. त्याने डोकं हलवलं. "तुमच्या माइकमधलं काढता येईल. पण यांच्या माइकमध्ये तुम्ही जे आलाय ते कसं काढू? चहात घातलेलं दूध आहे ते."

"मग पुन्हा वाजवू," मी म्हटलं. "मी हळू वाजवते. अगदी हळू. वहिनी, परवाच वाजवू."

स्टुडिओत मी तिला कधी वहिनी म्हटलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

वाजवणं झालं नाही. म्हणजे बसलो होतो.

मी ट्रंपेटच्या तोंडात म्यूटचं बूच लावून वाजवलं, शेजारच्या खोलीतून यावं इतकं हळू. आज तिला जोर लावायची गरज नव्हती. चालीची पहिली ओळ तिने खालून घेतली आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकी सुंदर. दुसऱ्या ओळीत सूर थरथरला. तिसऱ्या ओळीत ओठच सुटला. तिने पुन्हा लावला, पुन्हा सुटला. बोटाने कोपरा दाबून धरून बघितला. आम्ही आज तिच्याकडे बघत होतो, तिघीही. बघणं बरं की न बघणं, मला सांगता येणार नाही. दोन्ही भयंकर आहे.

"संपला," ती म्हणाली. ओठाबद्दल म्हणत होती. "गेले दीड महिने फार ताणला मी. तुझ्या आवाजातून वर यायला."

मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "अगं, तुला नाही बोलत. मीच बोलायला हवं होतं. पण आपल्याला सवय कुठे आहे!"

चिमणी ट्यूबाच्या मागे रडत होती. ट्यूबातून तिचा हुंदका मोठा होऊन बाहेर आला, आणि मग आम्ही सगळ्याच हसलो, कॅप्टनसुद्धा. हसू थांबल्यावर खोलीत इतकं शांत झालं की फोम लावलेल्या भिंतींचा राग आला.

२० फेब्रुवारी

ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तुम्ही जिन्यात जे ऐकलंत ते खरं होतं.

हे माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मला पुन्हा ऐकता येईल का ते?"

२ मार्च

फिजिओ म्हणाला, निदान वर्षभर ट्रंपेट ओठाला लावायचं नाही. त्यानंतर बघू. "बघू" म्हणताना त्याने फाइल बंद केली.

कंपनीच्या बाईला मी फोन केला होता. म्हटलं, कॅप्टनच्या माइकमधलं आहे तसं ठेवा, हवा असली तर असू दे, मी ओरडत असले तरी असू दे. ती समजूतदारपणे बोलली. म्हणाली, "मॅडम, हवेचा आवाज आला की लोक वर बघतात. आम्हाला कुणी वर बघायला नकोय."

कॅप्टनला सांगितलं. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "काढून टाकू दे."

मी भांडले तिच्याशी. किती दिवसांनी भांडलो! तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "तुझं तरी राहू दे ना. इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतंस तू."

हे कौतुक मला कुठे ठेवू?

२८ मार्च

अल्बम आला. कव्हरवर एक खिडकी आणि तिचा पडदा. आमची कुणाचीच छबी नाही. मागे बारीक अक्षरांत आम्ही चौघी आहोत, पहिलं ट्रंपेट म्हणून अजून कॅप्टनच. ते मी मुद्दाम तसं ठेवायला सांगितलं होतं. आता वाचलं तर खोटं वाटतं. बदलायला सांगितलं असतं तर त्याहून वाईट वाटलं असतं.

शिडीने फोन करून सांगितलं, तिच्या सुनेच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये लागतं. सून म्हणे रोज चढते उतरते, तिला पत्ताच नव्हता. "म्हणजे आपण पास झालो," शिडी म्हणाली. आम्ही दोघी हसलो नाही.

टायपिंग क्लासच्या खोलीचं काय करायचं ते कुणी विचारत नाही.

१५ एप्रिल

कॅप्टनबरोबर फिजिओकडे गेले होते. दर आठवड्याला जाते मी. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सुकत चाललेलं झाड, समोर हात गळ्यात बांधलेला एक माणूस एका हाताने वर्तमानपत्र सांभाळत होता. आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोलत होतो.

बराच वेळ माझ्याही लक्षात आलं नाही. मग कळलं, छतातून मी वाजतेय. अल्बममधली दुसरी चाल, संथ आहे ती.

मी रिसेप्शनवरच्या मुलीला बंद करायला सांगायला उठत होते. कॅप्टनने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि गुणगुणायला लागली. ओठ मिटूनच. गुणगुणायला तो कोपरा लागत नाही. वरून माझी ओळ येत होती आणि माझ्या शेजारून तिची. घोगरी, खालची, बिनबुटांची. मी लांब सूर धरला तिथे ती खालून तीन पायऱ्या चढून आली आणि थांबली, मग उतरली. तो सूर एवढा लांब मी का धरत होते, मला तेव्हा माहीत नव्हतं. सवयीने धरत होते. त्याच्या खाली एवढी जागा होती.

आवाज वाढला तिचा. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "आजी, जरा हळू." कॅप्टन थांबली नाही. समोरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं आणि तो आधी तिच्याकडे, मग छताकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघायला लागला. तोंड किंचित उघडं. मी कुठेच नव्हते, मी काहीही करत नव्हते, फक्त बसले होते. दोन्ही ओळी एकत्र मी पहिल्यांदा ऐकत होते.

दुसरं कडवं अर्ध्यावर होतं तेव्हा आतून तिला बोलावलं. ती तशीच उठली, पदर सारखा केला, आत गेली. दार लागलं.

छतातून माझं ट्रंपेट चालूच होतं, आणखी दोन कडवी होती. समोरच्या माणसाने थोडा वेळ वाट बघितली. मग वर्तमानपत्र झटकून पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.